नेटवर्किंगची पदविका : खर्च किती, किफायत किती?

आपल्या व्यापारी समाजात मुलाने दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, ओलांडली की पुढे काय करावयाचे हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. गादी होती, वही होती, आणि वडीलधाऱ्यांच्या हाताखाली चार वर्षे काढली की मुलगा धान्याची मूठ हातात घेऊन भाव सांगू लागत असे. आता ती स्थिती राहिलेली नाही. एका पेढीवर तीन भावांची कुटुंबे चालत, तेथे आज एकाचेही कष्टाने चालते, आणि मुलांचा ओढाही दुकानापेक्षा अन्यत्र अधिक आहे. हैदराबादसारख्या नगरीत हा ओढा संगणकाकडे असावा यात नवल नाही. १९९८ साली सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली तेव्हापासून माधापूर-गच्चीबावलीकडील माळरानाचे रूप आपल्या डोळ्यांदेखत पालटले. उस्मानगंज-बेगमबाजारच्या गल्ल्यांतील मुले सकाळी मेट्रोत बसून तिकडे जातात, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे.

गेल्या दोनतीन वर्षांत आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या सभासदबंधूंच्या तोंडी एक नवा शब्द वारंवार येऊ लागला : नेटवर्किंग. मुलगा म्हणतो त्याची पदविका घेतो. कोणी म्हणतो पदवीच घेतो. कोणी अमीरपेठेतील शिकवणीची जाहिरात घेऊन येतो. आणि ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत ते तेथील कम्युनिटी कॉलेजची गोष्ट काढतात. पित्याचा प्रश्न मात्र सर्वत्र एकच असतो : यात पैसा किती घालावा आणि तो परत येईल काय? आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे शिकलो नाही. तंत्रविद्येतील अधिकार आम्हांस नाही. परंतु मालाची पारख न करता खरेदी करू नये, आणि खरेदीच्या भावात हमाली, तोलाई, व्याज व तूट मिळविल्याखेरीज पडतळ ठरवू नये, एवढे या धंद्याने आम्हांस शिकविले आहे. त्याच रीतीने या विद्येची पडतळ काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. माल कोणता आहे?

प्रथम, नेटवर्किंग म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घेऊ. लातूरहून पाचशे पोती तूरडाळ हैदराबादेस यावयाची आहे अशी कल्पना करा. सारा माल एका गाडीत मावत नाही, म्हणून तो निरनिराळ्या गाड्यांत भरला जातो. प्रत्येक पोत्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा मार्का असतो. काही गाड्या बीदर-जहीराबादच्या मार्गाने येतील, काही उमरगा-हुमनाबादच्या मार्गाने. गोदामात पोती मोजून घेतली जातात, आणि एखादे कमी भरले तर ते पुन्हा मागविले जाते. संगणकाच्या जाळ्यातून पत्र, चित्र किंवा हिशेब पाठविला जातो तो नेमका असाच : त्याचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्त्याचा मार्का मारून, मिळेल त्या मार्गाने. नाक्यावर बसून मार्का वाचून गाडी कोणत्या रस्त्यास लावावी हे ठरविणारा जो कारकून, ते यंत्र म्हणजे राउटर. गोदामाच्या आत कोणती थप्पी कोठे आहे हे जाणणारा जो मुकादम, तो स्विच. फाटकावर चिठ्ठी पाहिल्याखेरीज कोणास आत न सोडणारा जो पहारेकरी, तो फायरवॉल. आणि ही सर्व व्यवस्था उभारणे, ती अहोरात्र चालती ठेवणे व बिघडल्यास दोष शोधून काढणे ही विद्या म्हणजे नेटवर्किंग.

या वाहतुकीचे नियम नवे नाहीत. ज्या नियमावलीवर आजचे सारे इंटरनेट चालते, ती अमेरिकेतील मूळ जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली. पत्त्यांची जुनी पद्धत बत्तीस अंशांची असल्यामुळे तीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच मावतात. जग मोठे झाल्यावर ते अपुरे पडले व एकशे अठ्ठावीस अंशांची नवी पद्धत आणावी लागली. विद्यार्थ्यास या दोन्ही पद्धती शिकाव्या लागतात. आपण हे येथे एवढ्यासाठी सांगतो की, या विद्येचा पाया चाळीस वर्षे टिकून आहे. यंत्रे बदलतात, त्यांवरील कंपन्यांची नावे बदलतात, पण मार्का वाचून मार्ग ठरविण्याचे तत्त्व बदललेले नाही. पायाची विद्या हा टिकाऊ माल होय. एका विशिष्ट कंपनीच्या यंत्राची कळ कोठे दाबावी हे ज्ञान भाजीपाल्यासारखे नाशवंत होय. शिक्षणाचा पैसा देताना यांपैकी कोणता माल मिळतो आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या धंद्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था व १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर, यांनंतर सौदा, बीजक आणि विवरणपत्र ही तिन्ही जाळ्यावर गेली. जाळे बंद पडले की आज पेढी बंद पडते. म्हणून या विद्येस मागणी आहे ती केवळ उंच काचेच्या इमारतींत नाही. रुग्णालये, बँका, शाळा, शीतगृहे व आपल्यासारखी गोदामे यांनाही असा माणूस लागतो.

२. खरेदी कोठे करावी?

हैदराबादेत या विद्येच्या खरेदीस मुख्यतः चार दुकाने आहेत.

पहिले, तंत्रनिकेतन, ज्यास सर्वजण पॉलिटेक्निक म्हणतात. दहावीनंतर पॉलिसेट ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांच्या पदविकेस जाता येते. मासाब टँक व रामंतापूर येथील सरकारी तंत्रनिकेतने आपल्या सर्वांच्या माहितीची आहेत. संगणक अथवा इलेक्ट्रॉनिक्स व दळणवळण या शाखांत जाळ्यांचा विषय शिकविला जातो. सरकारी तंत्रनिकेतनाची वार्षिक फी काही हजारांच्या घरात असते. खासगी तंत्रनिकेतनाची तिच्या कित्येक पट, तरीही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मानाने थोडी.

दुसरे, अभियांत्रिकीची पदवी. दहावीनंतर दोन वर्षे इंटरमीजिएट व पुढे चार वर्षे बी. टेक्. सरकारने ठरविलेल्या दरानेही खासगी महाविद्यालयांची फी वर्षास सुमारे अर्ध्या लाखापासून दीड लाखाच्या वर जाते. व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागेचा भाव तर निराळाच.

तिसरे, अमीरपेठेतील मैत्रीवनम् परिसरातील खासगी शिकवण्या. देशभरातील मुले येथे येऊन राहतात व तीनचार महिन्यांत एखादा अभ्यासक्रम उरकतात. येथे पदवी मिळत नाही; तयारी होते ती कंपन्यांच्या प्रमाणपत्र-परीक्षांची. त्यांपैकी सिस्को या कंपनीची सी. सी. एन. ए. ही परीक्षा सर्वांत परिचित आहे. ती १९९८ पासून चालू असून तिचे सध्याचे स्वरूप फेब्रुवारी २०२० पासूनचे आहे. परीक्षा दोन तासांची, फी तीनशे डॉलर अधिक कर, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. मुदत संपली की ते पुन्हा नवे करावे लागते. ही खरेदी नव्हे, हे भाडे आहे, हे ध्यानात ठेवावे.

चौथे, मुक्त व घरबसल्या शिक्षण. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आपल्याच नगरीत स्थापन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने जुबिली हिल्स येथे आहे. नोकरी करीत करीत पदवी घेण्याची सोय तेथे आहे. शिवाय २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयं’ या व्यवस्थेवर आय. आय. टी.च्या अध्यापकांची संगणक-जाळ्यांवरील व्याख्याने कोणासही विनामूल्य ऐकता येतात. सिस्को कंपनीचा, जाळे कागदावर मांडल्यासारखे पडद्यावर मांडून पाहण्याचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा कार्यक्रमही विनामूल्य मिळतो. ज्या विद्येची वानगी फुकट चाखावयास मिळते, तिचे पोते न चाखता विकत घेणे हे व्यापाऱ्यास शोभत नाही.

आपल्या देशात कम्युनिटी कॉलेज या नावाची योजनाही आहे. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे महाविद्यालय काढले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली देशव्यापी योजना आखली. कल्पना चांगली, परंतु मालक लोकांत या नावाची ओळख अद्याप रुजलेली नाही. आपल्याकडे ते काम प्रत्यक्षात तंत्रनिकेतनानेच केले आहे. म्हणून पुढील विचार आम्ही त्याच्याच अनुरोधाने करतो.

३. पडतळ

आता जमाखर्च मांडू. पुढील आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. रीत मात्र हीच ठेवावी.

प्रथम काळाचा हिशेब. इंटरमीजिएटची दोन वर्षे व बी. टेक्.ची चार, मिळून दहावीनंतर सहा वर्षे. पदविकेची तीन वर्षे झाल्यावर ई-सेट ही परीक्षा देऊन बी. टेक्.च्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. म्हणजे तीन अधिक तीन, तीही सहाच वर्षे. पदविकेच्या मार्गाने गेल्यास मुलाचे वर्ष वाया जाते, हा आपल्या घराघरांतील समज या साध्या बेरजेपुढे टिकत नाही. उलट या मार्गात एक धर्मशाळा अधिक आहे. पहिल्या मार्गाने गेलेला मुलगा तिसऱ्या वर्षी थांबला तर त्याच्या हाती केवळ इंटरमीजिएट व अर्धवट पदवी राहते. दुसऱ्या मार्गाने गेलेल्याच्या हाती पूर्ण पदविका असते. घरात अचानक संकट आले, पित्याची प्रकृती ढासळली, पेढी अडचणीत आली, तर या धर्मशाळेचे मोल कळते.

आता पैशाचा हिशेब.

पहिला मार्ग : इंटरमीजिएट खासगी महाविद्यालयात, दरसाल दीड लाख धरून दोन वर्षांचे ३ लाख, बी. टेक्. दरसाल सव्वा लाख धरून चार वर्षांचे ५ लाख; संगणक ५० हजार. एकूण ८ लाख ५० हजार.

दुसरा मार्ग : सरकारी तंत्रनिकेतनाची पदविका, फी, पुस्तके, बसचा पास धरून दरसाल १५ हजार, तीन वर्षांचे ४५ हजार, संगणक ५० हजार, नंतर बी. टेक्. दरसाल सव्वा लाखाने तीन वर्षांचे ३ लाख ७५ हजार. एकूण ४ लाख ७० हजार.

दोन्ही मार्गांनी सहा वर्षांत मुलगा एकाच पदवीस पोहोचतो. अंतर मात्र ३ लाख ८० हजारांचे आहे.

तिसरा मार्ग : पदविकेवर थांबून नोकरी. खर्च ९५ हजार. दरमहा १५ हजारांची नोकरी मिळाली असे धरल्यास वर्षाचे १ लाख ८० हजार, तीन वर्षांत ५ लाख ४० हजार हातात येतात.

येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. पदविकेनंतर बी. टेक्.ला जाण्याचा खर्च ३ लाख ७५ हजार नव्हे. त्या तीन वर्षांत न मिळालेला ५ लाख ४० हजारांचा पगारही त्यात मिळविला पाहिजे. गोदामात पडून राहिलेल्या मालाचे भाडे आपण धरतो तसेच हे आहे. म्हणजे खरी पडतळ ९ लाख १५ हजार झाली. ती परत केव्हा येईल? पदवीमुळे पगार दरमहा ८ हजारांनी अधिक मिळाला तर वर्षास ९६ हजार, आणि भांडवल फिटण्यास साडेनऊ वर्षे. पण थांबा, व्याज धरावयाचे राहिले. शेकडा दरमहा एक रुपया, म्हणजे वर्षास बारा टक्के, या दराने ९ लाख १५ हजारांचे पहिल्या वर्षाचेच व्याज १ लाख ९ हजार ८०० होते. पगारातील वाढ ९६ हजार. मुद्दल फिटणे दूरच, व्याजही फिटत नाही! याउलट पदवीमुळे पगार २० हजारांनी वाढणार असेल तर वर्षास २ लाख ४० हजार मिळतात आणि व्याज धरूनही सहा वर्षांच्या आत खाते चुकते होते.

यातून निष्पन्न काय होते? पदवी चांगली की पदविका चांगली, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या महाविद्यालयाची पदवी, कोणत्या भावाने, आणि ती पगारात किती फरक पाडील, हे विचारले पाहिजे. ज्या महाविद्यालयात नामांकित कंपन्या प्रत्यक्ष येतात तेथील बी. टेक्. महाग असूनही किफायतशीर ठरू शकते. ज्या महाविद्यालयाचे नाव शेजारच्या वस्तीतही कोणास ठाऊक नाही तेथील पदवी स्वस्त असूनही तोट्याची.

४. बाजाराची चाल

आजचा भाव पाहून उद्याचा साठा करू नये, हे आपणांस सांगावयास नको. नेटवर्किंगच्या बाजारातही चाल बदलली आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपली यंत्रे आपल्याच इमारतीत ठेवी आणि ती सांभाळण्यास माणसे नेमी. आता ती यंत्रे मोठमोठ्या केंद्रांत एकवटली आहेत. अमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत असा केंद्रसमूह सुरू केला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही आपल्या नगरीत असे केंद्र उभारण्याचे जाहीर केले. घरोघरी आड होते तेथे नगराचा नळ आला, तसे हे झाले. आड उपसणारे कमी लागतात. नळाच्या कारखान्यात मात्र जाणते कारागीर लागतात.

अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाने २०२३ ते २०३३ या दशकासाठी केलेला अंदाजही हेच सांगतो. जाळे नुसते सांभाळणाऱ्यांच्या जागा थोड्या घटतील; जाळ्याची आखणी करणाऱ्यांच्या जागा सरासरीहून पुष्कळ अधिक वाढतील. सिस्कोच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही या बदलाची छाया पडलेली दिसते : तीत सुरक्षेस शंभरांत पंधरा आणि यंत्रांस आज्ञावलीने चालविण्यास दहा भाग दिले आहेत. म्हणून केवळ तार जोडणे व यंत्र मांडणे शिकून थांबणाऱ्याचे भवितव्य मर्यादित आहे. पायाच्या विद्येस सुरक्षा, लिनक्स, एखादी आज्ञावलीची भाषा आणि या मोठ्या केंद्रांची ओळख यांची जोड दिली, तरच चढाचा बाजार मिळेल.

पदविकाधारकापुढे आणखी एक भिंत असते, तीही सांगितली पाहिजे. अनेक कंपन्यांच्या जाहिरातींत ‘पदवीधर’ हा शब्द असतो. बँकांच्या व सरकारी परीक्षांत पुष्कळ जागांस पदवीच लागते. पहिली नोकरी पदविकेवर मिळते. पाचव्या-सहाव्या वर्षी बढतीच्या वेळी मात्र कागद आडवा येतो. यावर उपाय म्हणजे नोकरी करीत मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करणे. तिचा खर्च थोडा, आणि दरम्यान पगार चालू राहतो. तिची प्रतिष्ठा बी. टेक्.एवढी नाही, पण भिंतीस दार पाडण्यापुरती ती पुरेशी होते.

शिकाऊ उमेदवारीचाही विचार व्हावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदविकाधारकास कारखान्यात वा कंपनीत एक वर्ष विद्यावेतनासह काम शिकता येते. २०१९ च्या सुधारणेने हे विद्यावेतन किमान दरमहा ८ हजार ठरविले गेले. १९६७ साली आपल्या नगरीत स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारख्या सरकारी उद्योगांत असे उमेदवार घेतले जातात. आपल्या मुनिमांनी ज्या गादीवर बसून विद्या घेतली तिचेच हे आजचे रूप होय.

५. घट आणि मातेरे

धान्यात मातेरे असते तसे या बाजारातही आहे. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ ही पाटी पाहिली की वाचकांनी पाऊल मागे घ्यावे. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने अशाच एका संस्थेत मुलासाठी पाऊण लाख भरले. हमीचा कागद मागितला तेव्हा त्यावर ‘मुलाखतीची संधी देण्यात येईल’ एवढेच शब्द निघाले. मुलाखती झाल्या, नोकरी नाही. संस्थेने शब्द मोडला असेही म्हणता येईना! कराराचा कागद सही करण्यापूर्वी वाचणारा समाज आपला. पाल्याच्या प्रवेशाच्या वेळीच आपण डोळे मिटून सही का करतो, हे कोडे आहे. अनुभवाचा खोटा दाखला देऊन नोकरी लावून देणारेही बाजारात फिरतात. खोट्या मापाने विकलेला माल एक दिवस परत येतोच, आणि येताना पेढीची अब्रू घेऊन जातो. आपल्या मुलांस या वाटेस लावू नये.

आता परदेशाविषयी. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजची परंपरा १९०१ पासून, शिकागोजवळील जोलिएट येथून सुरू झाली. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांस ती खरोखर उपकारक आहे : घरी राहून, सरासरी वर्षास सुमारे चार हजार डॉलर फीत दोन वर्षे शिकावे आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जावे. परंतु येथून मुलास त्यासाठी पाठविणे ही वेगळी गोष्ट. परक्या विद्यार्थ्यास त्या जिल्ह्याच्या रहिवाशाचा दर लागू होत नाही, कित्येक पट फी द्यावी लागते, शिवाय राहणे-जेवणे. दोन वर्षांच्या पदवीनंतर कामाची परवानगी साधारणतः एक वर्षाची. विज्ञान-तंत्र विषयांसाठीची दोन वर्षांची वाढीव मुदत चार वर्षांच्या पदवीखाली मिळत नाही; आणि एच-१बी व्हिसास सामान्यतः तेवढीच पदवी वा तत्सम पात्रता लागते. त्यातही सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घालण्याचा आदेश निघाला. तेव्हा केवळ नातेवाइकांच्या मुलांकडे पाहून आपण घर गहाण टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या गावच्या भावाने आपल्या गावी खरेदी करण्यासारखे आहे.

६. एक उदाहरण

आमच्या नात्यातील एका गृहस्थांचे लहानसे किरकोळ धान्याचे दुकान आहे. मुलगा व मुलगी अशी दोन अपत्ये. मुलगा एका खासगी महाविद्यालयात जाण्यास निघाला आणि त्यासाठी गोदाम तारण ठेवण्याचा विचार पक्का झाला होता. त्याच वर्षी मुलगी दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिला जाळ्यांचीच विद्या शिकावयाची होती. पित्याचे म्हणणे असे की, तारणाचा पैसा मुलावर खर्च होणार. मुलीस घराजवळच्या महाविद्यालयात काहीतरी साधे शिकू द्यावे.

आम्ही त्यांस वही उघडून वरचाच हिशेब मांडून दाखविला. मुलाने निवडलेल्या महाविद्यालयातून गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी कोणत्या पगारावर लागले, हे तेथे जाऊन विचारा, असे सांगितले. उत्तर समाधानकारक मिळाले नाही. मुलगी मात्र पॉलिसेटमध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन सरकारी तंत्रनिकेतनात दाखल झाली; तिच्या साऱ्या पदविकेचा खर्च मुलाच्या एका वर्षाच्या फीपेक्षाही कमी निघाला. गोदाम तारण ठेवण्याचे टळले. मुलाने कमी फीचे महाविद्यालय पत्करले व संध्याकाळी तो दुकानाचे हिशेब संगणकावर ठेवतो. मुलगी आता तिसऱ्या वर्षास आहे. पुढे तिने बी. टेक्. करावे की नोकरी धरावी याचा निर्णय व्हावयाचा आहे, आणि त्या घरात आज वाद आहे तो यावर की, तिच्या विवाहासाठी ठेवलेली रक्कम या शिक्षणास लावावी की नाही.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. चांगले महाविद्यालय मिळाल्यास ती रक्कम लावावी. लग्नाच्या मांडवात खर्चिलेला पैसा दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतो. हातच्या विद्येस सासरी-माहेरी दोन्हीकडे मोल असते. नेटवर्किंगमध्ये रात्रपाळी असते हे खरे, आणि त्याची चिंता पालकांनी करावी हेही योग्य. पण चिंता करावयाची ती प्रवासाच्या सोयीची. मुलीच्या बुद्धीस त्यासाठी कुलूप लावण्याचे कारण नाही.

७. निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

वाचकांच्या सोयीसाठी सारांशाने पुढील प्रश्न देत आहोत. हे कागदावर उतरवून मुलासमोर बसून सोडवावेत.

पहिला : मुलास या विद्येची गोडी आहे काय? विनामूल्य व्याख्याने दोन महिने ऐकवून पाहावे. दोन महिने जो टिकत नाही तो तीन वर्षे टिकणार नाही.

दुसरा : गणित व इंग्रजी यांची तयारी कशी आहे? मराठी वा तेलुगू माध्यमातून आलेल्या मुलास पहिले सहा महिने जड जातात. त्यासाठी भीती नको, पण तजवीज हवी. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थांतून आपल्या भाषेत शिकून याच नगरीत पुढे आलेली माणसे आपण पाहिली आहेत.

तिसरा : एकूण खर्च किती? फीबरोबर जेवण, प्रवास, संगणक, परीक्षाशुल्क, न मिळालेला पगार व व्याज ही सर्व खाती धरावी.

चौथा : गेल्या तीन वर्षांत येथून बाहेर पडलेले विद्यार्थी कोठे आहेत? जाहिरातीतील छायाचित्रे पाहू नयेत. दोन विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष भेटावे.

पाचवा : कर्ज काढावे लागेल काय? चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका तारण मागू शकत नाहीत. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय अल्पसंख्याक समाजाचा दर्जा मिळाला असल्याने राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या कर्जयोजनांचीही चौकशी करावी. सावकाराच्या दाराशी जाण्यापूर्वी हे दोन दरवाजे ठोठवावेत. पेढीचे खेळते भांडवल मात्र फीत घालू नये. हंगामाच्या वेळी खरेदी थांबली तर शिक्षणही थांबेल आणि दुकानही.

सहावा : पाचव्या वर्षी भिंत आली तर दार कोणते? पदविकेनंतर ई-सेट, मुक्त विद्यापीठ की शिकाऊ उमेदवारी, हे आरंभीच ठरवावे.

तात्पर्य हे की, साधारण परिस्थितीतील घरास सरकारी तंत्रनिकेतनाची पदविका ही या विद्येची सर्वांत सुरक्षित खरेदी आहे : भाव थोडा, माल चोख, आणि पुढचा रस्ता खुला. बी. टेक्. घ्यावे ते महाविद्यालय पारखून. कंपनीचे प्रमाणपत्र पदविकेच्या जोडीस घ्यावे, तिच्या जागी नव्हे. आणि तेही शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे तीन वर्षांची मुदत नोकरीत कामी येते. एवढे केल्यावर विद्यार्थ्याच्या मेहनतीचा भाग उरतो. तो कोणत्याही वहीत आधी जमा करून ठेवता येत नाही.

आपल्या मंडळाने विद्यार्थी-साहाय्याच्या कामी पुढील वर्षी रोख रकमेबरोबरच सल्ल्याचीही व्यवस्था करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. या क्षेत्रात काम करणारे आपल्या समाजातील चारपाच तरुण-तरुणी दरवर्षी मे महिन्यात, प्रवेशांच्या तोंडावर, एक दिवस मंडळाच्या कार्यालयात बसले, तर कित्येक घरांची गोदामे तारणावाचून वाचतील. ज्या सभासदांस वरील हिशेब आपल्या घरच्या आकड्यांनी करून पाहावयाचा असेल त्यांनी दुपारी तीननंतर, बाजार मंदावल्यावर, आमच्या पेढीवर अवश्य यावे. येताना मुलास अथवा मुलीस बरोबर आणावे, कारण खाते त्यांचेच उघडावयाचे आहे.